कोचबाईंचं घरकाम

शाबास! आज तुमच्या आईने घरकामाचं लक्ष्य पूर्ण केलं. त्यांना एक हृदय पाठवा.

*

गादी बडवताना मनगट सैल ठेवायचं. आवळून धरलं की काठीचा हिसका थेट खांद्यात जातो.

*

पाय लुळे पडलेला एक माणूस रोज सकाळी बागेत फेऱ्या मारतो. भिंतीवरचा पडदा तसं सांगतो, आणि पडदा हिरवागार आहे.

*

पडलात का? हो. नाही.

*

मनगटाच्या बाहेरच्या हाडावर काळानिळा डाग. डॉक्टरांनी पाहिला, लिहून घेतला आणि हात पुन्हा चादरीखाली ठेवला.

*

"ग्लास चकचकीत हवेत, लहानी. पाहुण्यांना बोटांचे ठसे दिसता कामा नयेत."

*

इथून पुढे प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक शब्द आहे. चौकशीला आलेल्या बाईच्या मनगटावरच्या पट्ट्याने त्या वेळी तिच्याबद्दल जे नोंदवलं, तो शब्द.

चालणे

तिला सगळे भिंग म्हणत. एक तर चष्मा तसा होता, आणि दुसरं म्हणजे खोड. मनगटी पट्टे बनवणाऱ्या कंपनीत तिचं काम एकच: पट्टा एक सांगतो आणि जग दुसरं, असं झालं की जाऊन बघायचं, चूक कुणाची. आजवर बहुतेक वेळा जगाचीच निघाली होती. कंपनीला तशी सवय लागली होती.

या वेळी प्रकरण एका वृद्धनिवासाचं होतं. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या कोचबाई दोन दिवसांपूर्वी दुपारी गेल्या. अर्धं आयुष्य पोहण्याच्या तलावाकाठी शिट्टी फुंकत आणि पोरांवर ओरडत काढलेली बाई. न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेल्या सापडल्या, खुबा मोडलेला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर त्या बराच वेळ जिवंत होत्या; कुणी वेळेवर पोचलं असतं तर वाचल्या असत्या.

आणि त्यांच्या मनगटावरचा पट्टा म्हणत होता: चालणे. मग घरकाम, बराच वेळ. मग विश्रांती.

"घरकाम!" व्यवस्थापक म्हणाले. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत टेबल. "त्या बाईंना काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं, मॅडम. घरकाम कसलं करतात? पट्टा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता, हे उघड आहे."

"कुणाच्या?"

"आमची एक मदतनीस आहे. लहानी म्हणतात तिला. त्या दुपारी खाली भोजनगृहात पाहुणे होते. आपल्या आईवडिलांसाठी जागा बघायला आलेली मंडळी. सगळा कर्मचारीवर्ग तिथे. ही एकटी स्वयंपाकघरात, ग्लास धूत. म्हणजे घरकाम. जुळतंय?"

"पण घरकामाच्या आधी एक जोराचा धक्का आहे," भिंग म्हणाली. "पट्ट्याने विचारलं, पडलात का? असं विचारलं की तो प्रश्न तुमच्या फोनवर येतो, आणि उत्तर मिळेपर्यंत भिंतीवरच्या पडद्यावर ती खोली लाल राहते. तुमच्या फोनवरून उत्तर गेलंय. नाही."

व्यवस्थापकांनी मान अशी डोलावली, जणू विद्यार्थिनीने बरोबर पान उघडलं होतं. "माझा फोन ऑफिसात चार्जिंगला होता. पाहुण्यांसमोर मी फोन बाळगत नाही, शिस्त म्हणजे शिस्त. आणि ऑफिस स्वयंपाकघराला लागून आहे. तिचा हात नळावर आपटला असेल, माझा फोन वाजला असेल, आत येऊन तिने नाही दाबलं असेल. मग वर गेली, बघते तर बाई खलास. घाबरली, आणि पट्टा मेलेल्या हातात बांधून मोकळी झाली."

गोष्ट इतकी घडीची होती की तिला इस्त्रीचा वास येत होता.

"संध्याकाळी फौजदार येताहेत," ते म्हणाले. "तुमचा अहवाल आणि ती बाई, दोन्ही बरोबरच घेऊन जातील."

बाहेर पडताना भिंगने भोजनगृहाच्या भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक खोलीपुढे हिरवा ठिपका. कोचबाईंच्या शेजारच्या खोलीपुढेही. *वकीलआजोबा: सकाळचे चालणे पूर्ण.*

त्याच वेळी पडद्याखालून एक चाकाची खुर्ची गेली. तिच्यात वकीलआजोबा बसलेले होते.

बसणे

लहानी गाद्यांच्या कोठारात बसली होती. नावाप्रमाणेच अंगाने लहान, हात मात्र दणकट.

"ताई, खरं सांगू की सोयीचं?"

"आधी खरं."

"पट्टा मी घालायचे. रोज. कोचबाईंचा, वकीलआजोबांचा, अजून दोघींचे. दोन या हातात, दोन त्या हातात. झाडू मारायचे, मागच्या अंगणात गाद्या बडवायचे, सगळं ते घालूनच. सगळ्या बायका घालतात. वकीलआजोबा जेवढे चाललेत ना, तेवढे पाय माझे दुखलेत."

भिंगला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. "कुणी सांगितलं घालायला?"

लहानीने दाराकडे पाहिलं. "हौस म्हणून कोण घालतं? पडदा लाल झाला की मुलांचे फोन येतात. मुलांचे फोन आले की साहेब आमच्या अंगावर येतात. म्हणाले, म्हाताऱ्यांच्याने होत नाही तर तुम्ही करा, पण मला सगळं हिरवं पाहिजे."

"गादी बडवताना पट्टा विचारत असेल, पडलात का म्हणून."

"सारखं! सुरुवातीला तर वेड लागायची पाळी. साहेबांचा फोन वाजायचा, ते नाही दाबायचे. मग तेच वैतागले, म्हणाले, बडव तू, मी बघतो."

"आणि त्या दुपारी?"

"त्या दुपारी नाही, ताई." ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "पाहुणे नुसता पडदा नाही, माणसंही बघणार होते. ज्याचा पट्टा त्याच्याच हातात, अशी ताकीद होती. गाद्याही बंद, आवाज नको म्हणून. सकाळी मी स्वतः बांधला कोचबाईंच्या हातात. मला म्हणाल्या, अगं, आज माझा मलाच? असं काय पुण्य केलं मी?"

मग ती गादीचा एक सुटलेला दोरा ओढत बसली.

"साक्षीला कोणी नाही माझ्या. ग्लास होते, ते काय बोलणार? मुलगी काल विचारत होती, आई, तू काय केलंस गं? काय सांगू तिला? ती बाई वर तडफडत होती आणि मी खाली ग्लास पुसत होते, हे सांगू? ते तरी कोण खरं मानतंय!"

भिंग उठली. मनात एकच खटकत होतं. ही बाई खोटं बोलत असती, तर रोज पट्टा घालायचे हे तिने कबूल कशाला केलं असतं?

उभे राहणे

कोचबाईंचा मुलगा फाटकाजवळ गाडीला टेकून उभा होता. डोळे सुजलेले.

"मला त्या बाईचं तोंडसुद्धा बघायचं नाही," तो म्हणाला. "माझ्या आईच्या हातातली वस्तू काढून घ्यायची? ती वस्तू तिच्या जिवासाठी होती!"

"त्या दुपारी तुम्हाला काही निरोप आला होता?"

त्याने फोन पुढे केला. *शाबास! आज तुमच्या आईने घरकामाचं लक्ष्य पूर्ण केलं.* त्याखाली त्याने पाठवलेलं लाल हृदय.

"मी मीटिंगमध्ये होतो. बघितलं, बरं वाटलं. म्हटलं, आई आज खुशीत आहे."

"लक्ष्य कुणी ठरवलं होतं?"

"मी. तिने हातपाय हलवत राहावं म्हणून. नुसतं बसून माणूस गंजतो."

"आणि लक्ष्य पूर्ण झालं नाही तर?"

"फोन करायचो."

"आईंना?"

 गाडीच्या काचेत स्वतःकडे बघत तो म्हणाला, "व्यवस्थापकांना."

भिंगच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. तिने ते गिळलं. समोर आई गेलेला माणूस उभा होता. तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला.

"झालं का? सोपं आहे ना गं? पट्टा निर्दोष, हात दुसऱ्याचा. चार ओळी लिही आणि निघ."

"साहेब, धक्क्यांची मूळ नोंद अजून बघायची आहे."

"शब्द आहेत ना? मग धक्के कशाला?"

बसणे

"या, या! मी नुकताच फिरून आलोय," वकीलआजोबा खुर्चीतून म्हणाले. "असं मला सांगण्यात येतं. माझ्या पायांना विचारलं, तर ते म्हणतात आम्हाला नोटीस मिळाली नाही."

"आजोबा, त्या दुपारी तुम्ही इथेच होतात?"

"पाहुण्यांना दाखवण्यासारखा माल नाही मी. मला वरच ठेवतात." मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, मला ऐकू येत होतं."

"काय?"

"धप. धप. धप. भिंतीपलीकडून की खालून, मला नीट कळत नाही, कान गेलेत माझे. रोज हाच आवाज असतो, गाद्या बडवण्याचा. मी चिडलो. झोपेची वेळ, त्यात पाहुणे आलेले, आणि हे काय चालवलंय? व्यवस्थापकाला फोन लावला."

भिंगचं पेन थांबलं. "कुठे लावला? ऑफिसात?"

"ऑफिसात कुठे? त्याच्या खिशातल्या फोनवर. लगेच उचलला त्याने. मागे गाणं चाललं होतं, टाळ्या वाजत होत्या. मी म्हटलं, अरे बाबा, गाद्या बडवणं बंद करायला सांग. तो म्हणाला, हो हो आजोबा, गाद्याच आहेत, सांगतो थांबवायला."

"मग?"

"मग थोड्या वेळाने थांबला आवाज." म्हाताऱ्याने चष्मा काढला. "मी खूश झालो, पोरी. आपल्या शब्दाला अजून वजन आहे म्हणून खूश झालो."

घरकाम

कोपऱ्यातली खोली अजून आवरलेली नव्हती. भिंग न्हाणीघराच्या उंबऱ्यात गेली, चष्मा बाजूला ठेवला आणि सावकाश, कुठेही धक्का न बसू देता, जमिनीवर आडवी झाली. हात लांब केला. कोचबाईंचा हात सापडला होता तसा.

फरशी गार होती. तिथून खाट दिसत होती, खाटेच्या उशाशी बोलावण्याची घंटा दिसत होती. पोचत काहीच नव्हतं.

तिने मूठ वळली आणि मनगट फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. हाड झिणझिणलं. ती आपटत राहिली. मध्ये एकदा ओरडूनही पाहिलं. आवाज न्हाणीघरातच घुमून विरला.

पलीकडून वकीलआजोबा खेकसले, "अरे, परत गाद्या? आज तरी दम घ्या की!" आणि मग एकदम शांत झाले. त्यांनाही कळलं होतं.

तिच्या पिशवीतला फोन किणकिणला. तिने पडल्यापडल्याच ओढून घेतला.

*शाबास! तुम्ही आज छान घरकाम केलंत.*

भिंग तशीच पडून राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने नव्हे. एका जिवंत बाईने मोडलेल्या खुब्यानिशी, एकाच हाताने, जगाला हाक मारली होती. त्या हाकेला यांनी नाव दिलं, गुण दिले आणि मुलाकडून हृदय पाठवून घेतलं. पट्टा बिघडला असता तर बरं झालं असतं. तो बिघडला नव्हता. त्याला जेवढे शब्द शिकवले होते त्यातला सगळ्यात जवळचा शब्द त्याने इमानदारीने उचलला होता. 'मदत' हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता, कारण तो शब्द कुणी लक्ष्य म्हणून ठेवत नाही.

ती उठून बसली आणि कोचबाईंच्या पट्ट्याची मूळ नोंद उघडली.

विश्रांती

संध्याकाळी सगळे भोजनगृहात जमले. फौजदार, व्यवस्थापक, मुलगा. वकीलआजोबा हट्टाने आले. लहानी दाराशी उभी होती; तिने बरोबर न्यायच्या कपड्यांची पिशवीही भरून आणली होती. भिंग टेबलाशी इतकी स्थिर बसली होती की तिच्या पट्ट्याने ती विश्रांती घेतेय असं धरलं. खरं तर ती संतापाने थिजली होती.

"लवकर आटपू या," व्यवस्थापक म्हणाले.

"आटपू या. पट्टा शब्द ठरवण्याआधी नुसते धक्के साठवतो," भिंग फौजदारांकडे बघून म्हणाली. "हात किती जोरात हलला आणि जमीन त्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढंच. मघाशी मी लहानीला पट्टा घालून ग्लास धुवायला लावले. ग्लास धुताना मनगट सारखं फिरतं, जमिनीची बाजू सारखी बदलते. त्या दुपारच्या नोंदीत धक्क्यानंतर शेवटपर्यंत ती एकदाही बदललेली नाही. हात जमिनीवर आडवा होता आणि आडवाच राहिला. घरकाम जमिनीवर पडून कोण करतं?"

फौजदारांनी वही उघडली.

"आपटणं आधी जोरात आहे. मग हळूहळू हलकं. दोन आपटण्यांमधली उसंत वाढत जाते. शेवटी नुसतं टेकवल्यासारखं. काम करणारा थकला की बसतो. इथे हात बसला नाही, बंद पडला. आणि कोचबाईंच्या मनगटाच्या हाडावर काळानिळा डाग आहे, डॉक्टरांनी लिहिलाय. मेलेल्या हातात मागाहून पट्टा बांधला तर असा डाग उठत नाही. पट्टा त्यांच्याच हातात होता."

मुलाने टेबलाची कड धरली. "म्हणजे आई... ते घरकाम म्हणजे..."

"हाक मारत होत्या त्या," लहानी दाराशीच म्हणाली.

"हे सगळं दुःखद आहे," व्यवस्थापक म्हणाले, "पण यात सिद्ध एवढंच होतं की यांचा पट्टा नालायक आहे!"

"नालायक आहेच. ते मी अहवालात लिहिलंय. पण त्याने एकदा विचारलं होतं. इतक्या दिवसांत हजारदा खोटं पाडूनही त्या दुपारी त्याने नेमाने विचारलं, पडलात का? आणि कुणीतरी नाही म्हणालं. नाही म्हटल्यावर मग त्याने दुसरा शब्द शोधला."

"फोन ऑफिसात होता, सांगितलं ना! चार्जिंगला!"

"मग आजोबांचा फोन तुम्ही कुठे उचललात?"

वकीलआजोबा खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "गाणं चाललं होतं, टाळ्या होत्या. ऑफिसात मैफल भरली होती का रे? माझ्या फोनात नोंद आहे, फौजदारसाहेब, बघून घ्या."

"तुमच्या ऑफिसात त्या दुपारी गाणं नव्हतं," भिंग म्हणाली. "गाणं इथे होतं, पाहुण्यांसमोर. फोन तुमच्या हातात होता. पडदा तुमच्या पाठीशी होता आणि त्यावर एक खोली लाल झाली होती. पाहुण्यांनी ती बघण्याआधी तुम्ही ती हिरवी केलीत."

"अहो, रोज विचारतं ते!" व्यवस्थापकांचा गुळगुळीतपणा पहिल्यांदाच फाटला. "रोज! आणि रोज खोटं असतं! मला काय स्वप्न पडणार होतं, की आज खरं आहे?"

"रोज खोटं का असायचं? पट्टा दुसऱ्याच्या हातात असायचा म्हणून. तुमच्याच हुकमाने. पण त्या दुपारी ज्याचा पट्टा त्याच्या हातात, हाही हुकूम तुमचाच. म्हणजे तेवढी एक दुपार अशी होती, की तो खोटं विचारूच शकत नव्हता. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि प्रश्न फक्त तुमच्याच फोनवर आला होता."

"गडबडीत दाबलं गेलं..."

"एक वेळ तेही मानू. पण मग आजोबांचा फोन आला. वर धपधप चाललंय म्हणाले. तुम्ही म्हणालात, गाद्याच आहेत. पाहुणे येणार म्हणून गाद्या बडवणं बंद कुणी ठेवलं होतं?"

 

"तूच," वकीलआजोबा पुटपुटले. आयुष्यभर न्यायालयात उभ्या राहिलेल्या त्या माणसाचा आवाज चिरकला. "नालायका, मी तुला सांगितलं होतं रे. मी तुला सांगितलं होतं!"

फौजदारांनी हात पुढे केला. "फोन द्या." व्यवस्थापकांनी खिशातून काढून दिला. तो त्यांच्या खिशातच होता. पाहुणे नव्हते आणि चार्जरही नव्हता.

मुलगा उठला. सगळ्यांना वाटलं, तो व्यवस्थापकांच्या अंगावर जाणार. तो लहानीपुढे जाऊन उभा राहिला. 

"दादा," लहानीच म्हणाली, "मला काही बोलू नका. माझं चुकलं एवढंच, की घालायला सांगितला तेव्हा मी घातला. पण तुम्ही आता घरी जाऊन ते हृदय बघत बसू नका."

तो तिथेच खाली बसला.

भिंगचा फोन वाजला. साहेब. तिने सगळ्यांसमोर उचलला.

"अहवाल मला आधी दाखव," साहेब म्हणाले. "आणि हे बघ, घरकामाचा भाग काढून टाक. व्यवस्थापकाचं लिही, आपल्याला काय त्याचं? पण आपल्या पट्ट्याला हाक ओळखता येत नाही, असं कागदावर नको. हजारो मनगटांवर आहे तो."

"म्हणूनच कागदावर हवं."

"नोकरी नकोय का तुला?"

"अहवाल फौजदारांना दिलाय, साहेब. तुमची प्रत पोचेल." तिने फोन ठेवला, मनगटावरचा पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवून दिला. तो थोडा वेळ हिरवा लुकलुकत राहिला.

लहानीने पिशवी उचलली. फौजदार म्हणाले, "ताई, तुम्ही नाही यायचं." तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तेव्हा कळलं.

भोजनगृहातून वर, कोचबाईंच्या खोलीकडे जाणारा जिना त्या दुपारीही मोकळा होता; कुणी चढलं नव्हतं.